चिकटणं, सुटणं आणि घसरणं

पुण्यात घरदुरुस्तीचा हंगाम ठरलेला आहे. मुलांच्या परीक्षा संपल्या की तो सुरू होतो, मे महिन्यात भरात येतो आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस दाखल झाला की राहिलेलं काम थेट दिवाळीवर जातं. या दिवसांत रविवार पेठेतल्या बोहरी आळीत पाय ठेवायला जागा नसते. रंग, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, स्क्रू, पॉलिश पेपर, सगळं तिथे. विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली, लाकूड आणि प्लायसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, जुनं पण चांगलं अवजार हवं असेल तर बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. याच फेरीत लक्ष्मी रस्त्यावर पावसाळी चपलांचीही खरेदी होते.

घराची डागडुजी आणि पायांतली पादत्राणं हे दोन विषय एकाच प्रकरणात का घेतले, तर दोन्हींत बिघाड एकाच ठिकाणी होतो. भिंत शाबूत असते, रंगही चांगला असतो. सुटतो तो दोघांमधला जोड. बुटाचं कातडं धडधाकट असतं, तळही झिजलेला नसतो. सुटते ती दोघांमधली चिकटण. फरशी जागेवर असते, पाय ठणठणीत असतो. मध्ये पाण्याचा पातळ थर येतो आणि माणूस पडतो. म्हणून दुरुस्ती कसलीही असो, आधी पाहायचं ते हे: इथे कोणते दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकले आहेत आणि त्यांच्यामध्ये काय शिरलं आहे? खालचे सगळे प्रश्न घरोघरी विचारले जातात आणि त्यांची उत्तरं या एका विचारातून निघतात.

रंगाचे पोपडे दर वर्षी त्याच जागी का धरतात?

खोलीच्या चारही भिंतींना एकाच डब्यातला रंग दिलेला असतो. तीन भिंती वर्षानुवर्षं टिकतात आणि चौथीला पहिल्याच पावसाळ्यानंतर पोपडे येतात. दोष रंगाचा असता तर चारही भिंतींना आले असते. म्हणजे शोध रंगामागे घ्यायला हवा.

भिंतीत मुरलेलं पाणी हवा कोरडी झाली की बाहेर यायला बघतं. येताना विटांतले आणि सिमेंटमधले क्षार विरघळवून घेऊन येतं. पृष्ठभागापाशी पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढताना रंगाला मागून रेटतात. भिंतीला लोणा लागला असं आपण म्हणतो तो हाच प्रकार. नवा रंग या पांढऱ्या भुकटीवर दिला तर तो भिंतीला चिकटतच नाही, भुकटीला चिकटतो.

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेतून, हे घरच्या घरी ओळखता येतं. हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला दव जमलेलं दिसलं तर पाणी भिंतीतून येतं आहे. खोलीकडच्या बाजूला दिसलं तर खोलीत हवा खेळत नाही. तिथे रंगारी नको, खिडकी उघडायला हवी.

ओल भिंतीतली असेल तर कामाचा क्रम पाळावा लागतो. आधी पाणी कुठून येतं ते बंद करायचं: बाहेरची भेग, फुटका नळ, वरच्या मजल्यावरचं बाथरूम. मग पोपडे मुळापर्यंत खरवडायचे आणि क्षार कोरड्या ब्रशने झाडून काढायचे. पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा आत जातात. त्यानंतर भिंत काही आठवडे उघडी ठेवून वाळू द्यायची आणि मगच प्रायमर. नवा गिलावा केला असेल तर त्यावर किमान सात दिवस पाणी मारायचं आणि रंगाआधी साधारण चार आठवडे थांबायचं. ताजं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं. त्यावर तेलरंग दिला तर रंगातल्या तेलाचा साबण होतो आणि रंग मऊ पडून सुटतो.

कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतल्या जुन्या वाड्यांची गोष्ट वेगळी आहे. दगडी जोतं, लाकडी सांगाडा आणि मधे माती-चुन्यात रचलेल्या विटा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा मातीत बांधलेल्या भिंती भिजून कोसळल्या. अशा भिंती जमिनीतली ओल थोडीफार वर ओढतातच. चुन्याचा गिलावा ती हवेत सोडून देतो, म्हणून भिंत टिकते. हल्ली दुरुस्तीत त्यावर सिमेंटचा गिलावा चढवतात. सिमेंट वाफ सहजी सोडत नाही. ओल आत कोंडते, आणखी वर चढते आणि काही वर्षांत गिलाव्याची अख्खी पापडी हातात येते. वाड्याच्या भिंतीला चुनाच लावावा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागतो, पण तो वेळ सत्कारणी लागतो.

गच्ची दर वर्षी गळते, दर वर्षी लेप देतो. चुकतं कुठे?

गच्चीतलं पाणी एका जागी शिरतं आणि भलत्याच जागी छताला डाग पडतो. स्लॅबमधून वाट काढत ते दोन-तीन मीटर लांब जाऊ शकतं, म्हणून डागाच्या बरोबर वर शोधत बसू नये. आधी सांधे बघावेत: कठडा आणि स्लॅब मिळतात तो कोपरा, स्लॅबमधून वर आलेले पाइप, पावसाळी पाण्याच्या जाळ्या. चांगला मिस्त्री कठड्याच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा मारतो. काटकोनात पाणी साचतं आणि ऊन-पावसाने तिथेच भेग पडते. गोलाईवरून ते वाहून जातं.

पुण्यातल्या इमारतींवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून त्याला उतार देण्याची पद्धत जुनी आहे. हा उतार दर १ मीटरला निदान १ सेंटीमीटर तरी हवा. तो आहे की नाही हे बघायला बादलीभर पाणी ओता आणि अर्ध्या तासाने या. डबकं उरलं असेल तिथे उतार बसलेला आहे. नवं काम करून घेतलं तर जाळ्या बंद करून गच्चीत काही इंच पाणी भरून ठेवायचं, २४ ते ४८ तास, आणि खालचं छत बघायचं. ही चाचणी झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

वरून देण्याचे द्रवरूप लेप पहिल्याच वर्षी का सुटतात, याचं उत्तर बहुतेक वेळा शेवाळ हे असतं. गच्चीवर मागच्या पावसाळ्याचं काळं, वाळलेलं शेवाळ असतं. नुसत्या झाडूने झाडून त्यावर लेप मारला की तो शेवाळाला चिकटतो, सिमेंटला नाही. तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून मगच लेप द्यावा. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्येच व्हायला हवं. जूनमध्ये ढग आल्यावर घाई केली तर पैसे पाण्यात जातात.

भिंतीत मारलेला स्क्रू ढिला का होतो?

आधी भिंत ओळखा. पुण्यात साधारण तीन पिढ्यांच्या भिंती भेटतात. पेठांतल्या वाड्यांच्या, कोथरूड-सहकारनगरसारख्या भागांतल्या जुन्या सोसायट्यांच्या पक्क्या विटांच्या, आणि बाणेर-खराडीच्या उंच इमारतींतल्या हलक्या एएसी ब्लॉकच्या किंवा माइव्हन पद्धतीच्या अखंड काँक्रीटच्या. ड्रिलच्या टोकाशी येणारी भुकटी भिंतीची जात सांगते. आधी गिलाव्याची करडी भुकटी येते. मग लाल आली तर वीट. करडीच राहिली आणि बिट पुढे सरकेना तर काँक्रीट. पिठासारखी पांढुरकी, भराभरा येऊ लागली तर एएसी ब्लॉक.

विटेत साधा नायलॉनचा प्लग, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेतली गिट्टी, छान बसते. काँक्रीटला हॅमर ड्रिल लागतं. तिथे बिट अडलं तर जोर लावू नये, सळई लागलेली असू शकते, भोक थोडं बाजूला घ्यावं. एएसी ब्लॉकमध्ये हॅमर बंद ठेवावा, नाहीतर भोक वेडंवाकडं होतं, आणि त्याच ब्लॉकसाठी बनवलेला लांब, पसरणारा प्लग वापरावा. माइव्हनच्या भिंती इमारतीचं वजन पेलतात. तिथे छोट्या स्क्रूने बिघडत नाही, पण भिंत फोडून वायर-पाइप पुरायचे असतील तर सोसायटीच्या स्थापत्य सल्लागाराला विचारल्याशिवाय हात लावू नये.

भिंत कोणतीही असो, प्लग ढिला होण्याचं नेहमीचं कारण एकच: भोकात राहिलेली भुकटी. प्लग पसरून भिंतीला घट्ट धरतो तेव्हाच तो वजन पेलतो. मध्ये भुकटी असली तर तो भुकटीला धरतो. भोक प्लगच्याच जाडीचं आणि त्याच्यापेक्षा अर्धा सेंटीमीटर खोल पाडावं, मग बारीक ब्रश फिरवून आणि हवेचा पंप मारून साफ करावं. तोंडाने फुंकर मारू नये, भुकटी थेट डोळ्यात जाते.

आणि वायरी. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नये. नळ्या बहुधा त्याच रेषांत पुरलेल्या असतात. भोक पाडायचं त्या खोलीचा एमसीबी बंद करून ड्रिल दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर लावावं.

घरात काम करताना पायांत काय घालावं?

आपल्याकडे चपला दाराबाहेर काढून आत येण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे. रस्त्यावरची घाण, पावसाळ्यातला चिखल घरात येत नाही. पण याच रीतीमुळे घरात शिडीवर चढणारा, फरशी फोडणारा, ड्रिल चालवणारा माणूस अनवाणी असतो, नाहीतर अंगठ्याच्या स्लीपरवर. यावर उपाय सोपा आहे: फक्त घरकामासाठी, कधीही बाहेर न नेलेला, पुढून बंद असलेला एक जोड घरात ठेवावा. कॅनव्हासचे जाड तळाचे बूट हलक्या कामांना पुरतात.

फरशी फोडणं, जड कपाट हलवणं, ग्रिल बसवणं यासाठी मात्र सुरक्षा बूट हवेत. त्यांचं भारतीय मानक आयएस १५२९८. त्याच्या भाग २ मधल्या बुटाच्या पुढच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसायला हवा. म्हणजे साधारण २० किलो वजन एक मीटर उंचीवरून बोटांवर पडलं तर बोटं वाचायला हवीत. आपल्या घरी काम करायला आलेला मजूर उघड्या पायांनी घणाखाली उभा असेल तर त्यालाही हे बूट मिळायला हवेत. ती घरमालकाची आणि ठेकेदाराची जबाबदारी आहे आणि दरपत्रक ठरवतानाच ती बोलून घ्यावी.

शिडी भिंतीला टेकवताना दर चार फूट उंचीला तिचा पाय एक फूट बाहेर ठेवावा. उभी लावली तर मागे कलंडते, जास्त तिरकी लावली तर पायथा निसटतो. ॲल्युमिनियमच्या शिडीच्या पायांना रबरी टोप्या असतात. त्या झिजल्या की शिडी फरशीवर सरकते. हार्डवेअरच्या दुकानात नव्या मिळतात. चढणाऱ्याच्या पायांत टाचेला पट्टा असलेलं, न वाकणाऱ्या तळाचं पादत्राण हवं. नुसता अंगठा धरलेली स्लीपर पायरीवरच राहते आणि पाय पुढे जातो.

विजेच्या कामाला रबरी चप्पल पुरते का? अजिबात नाही. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. कोरडं, अखंड रबर विजेला अडवतं हे खरं, पण ओली, झिजलेली, खिळा घुसलेली चप्पल अडवेलच असं नाही. शिवाय एक हात वायरीला आणि दुसरा नळाला लागला तर वीज पायांकडे जातच नाही, छातीतून आरपार जाते. खरं संरक्षण मुख्य बोर्डावरच्या आरसीसीबीचं. गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचण्याच्या आत तो क्षणार्धात वीज तोडतो. जुन्या सोसायट्यांतल्या बऱ्याच घरांत तो नसतो. परवानाधारक वायरमनकडून तो बसवून घ्यावा आणि त्यावरचं ‘टी’ अक्षराचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं. बटण दाबल्यावर वीज गेली म्हणजे तो शाबूत आहे.

बाथरूममध्ये न घसरणारी फरशी कोणती?

घसरणं हा एकट्या फरशीचा गुण नाही. तो फरशी आणि तळवा, किंवा फरशी आणि चपलेचा तळ, या जोडीचा गुण आहे. एकाच फरशीवर एक चप्पल पकड धरते आणि दुसरी निसटते.

टाइल्सच्या खोक्यावर आर ९ ते आर १३ असा अंक छापलेला असतो. ही मूळची जर्मन चाचणी. तेल लावलेल्या फळीवर ठरावीक बूट घालून माणूस चालतो, फळी हळूहळू तिरकी करत नेतात आणि कितव्या अंशाला पाय निसटतो ते मोजतात. ६ ते १० अंशांत निसटला तर आर ९, १० ते १९ मध्ये आर १०, १९ ते २७ मध्ये आर ११. दिवाणखान्याला आर ९ चालतो. ओल्या जागी आर १० किंवा आर ११ मागावा. अनवाण्या पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी आहे आणि ती साबणाच्या पाण्यावर मोजतात. बाथरूमसाठी दुकानदाराला तीही विचारावी.

घरातल्या चपलेची परीक्षा याच तत्त्वावर करता येते. उरलेली एखादी टाइल ओली करा, तिच्यावर चप्पल ठेवा, चपलेत किलोभर साखरेची पिशवी ठेवा आणि टाइलची एक बाजू हळूहळू उचला. चप्पल सुमारे १७ अंशांत घसरली तर घर्षणांक फक्त ०.३ आहे, ती जोडी धोक्याची. २७ अंशांपर्यंत टिकली तर ०.५, बरी पकड. अंश मोजायला मोबाइलमधलं लेव्हल पुरतं. वजन कमी-जास्त केलं तरी अंश फारसा बदलत नाही. जुन्या हवाई चपलेवर आणि नव्या खाचांच्या चपलेवर हे करून बघा, घरातल्या लहानांनाही करू द्या.

जुन्या घरांतली शहाबादी फरशी, ओट्याचा काळा कडप्पा आणि जिन्यातला कोटा, तिन्ही चुनखडकाचे दगड. पहिला कर्नाटकातल्या शहाबादचा, दुसरा आंध्रातल्या कडप्प्याचा, तिसरा राजस्थानातल्या कोट्याचा. चुनखडक आम्लात विरघळतो. डाग काढायला त्यावर ॲसिड ओतलं की फस्सकन फेस येतो. तो डागाचा नसतो, दगडाचा असतो. झिलई जाते, बारीक छिद्रं उघडी पडतात आणि पुढे त्यांत तेल-साबण मुरून फरशी आणखी बुळबुळीत होते. साधी साबणाची पूड, ताठ ब्रश आणि भरपूर पाणी यांनी शहाबादी फरशी उत्तम राहते. आणि एक गोष्ट कधीही करू नये: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरू नयेत. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो.

बुटाचा तळ घरी चिकटवला तर चार दिवसांत का सुटतो?

कोपऱ्यावर बसणारे चर्मकार दादा तळ चिकटवतात ते नीट बघावं. आधी ते जुनं सोल्युशन खरवडून काढतात. मग दोन्ही बाजू कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून खरखरीत करतात. सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावतात आणि लगेच चिकटवत नाहीत. बूट बाजूला ठेवून दुसरं काम करतात. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाला चिकटेनासं झालं की दोन्ही बाजू जुळवतात आणि हातोडीने कडेकडेने ठोकतात.

यातली प्रत्येक पायरी महत्त्वाची आहे. हे रबरी सोल्युशन म्हणजे दोन्ही बाजूंना लावायचा डिंक. त्यातला द्रव उडून गेला की उरलेले दोन थर एकमेकांत मिसळतात. ओलं असतानाच दाबलं तर तो द्रव आत अडकतो आणि जोड मऊ राहतो. किती वेळ दाबलं यापेक्षा किती जोरात दाबलं याला इथे महत्त्व आहे. आपण घरी चिकटवतो तेव्हा मळलेल्या, गुळगुळीत तळावर भरपूर सोल्युशन ओततो, लगेच दाबतो आणि वर जड पुस्तकं रचतो. नेमकं उलटं. काम खिडकी उघडून आणि गॅसपासून लांब करावं. त्या वाफा पेट घेतात.

पण कपाटात जपून ठेवलेले, फारसे न घातलेले बूट बाहेर काढले आणि तळाचा भुगा झाला, तर त्याला इलाज नाही. तो पॉलियुरेथेनचा फेसाळ तळ असतो. हवेतली आर्द्रता त्याच्या रासायनिक साखळ्या हळूहळू तोडते आणि दमट हवेत हे वेगाने होतं. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवल्याने फायदा नाही, आतली ओल आतच कोंडते. चांगले बूट अधूनमधून घालावेत, कागदात गुंडाळून हवा लागेल असे ठेवावेत. लग्नाला किंवा लांबच्या सहलीला निघण्याच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी घालून चालून बघावेत.

कोल्हापुरी पावसात घालावी का?

नाही, आणि कारण तिच्या बांधणीत आहे. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांसारख्या वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेलं असतं. थर चामड्याच्या वादीने शिवलेले असतात, खिळे नसतात. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. असं कातडं पाणी पितं, फुगतं, थर सैल होतात आणि शिवण ताणते. शिवाय चामड्याचा गुळगुळीत तळ ओल्या फरशीवर पकड धरत नाही. भिजलीच तर कापडाने टिपून सावलीत वाळवावी. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवली तर कातडं आखडून तडकतं. वाळल्यावर थोडं एरंडेल किंवा खोबरेल चोळून रात्रभर ठेवावं. दसऱ्यापासून मेपर्यंत हौसेने घालावी, पावसाळ्यात विश्रांती द्यावी.

पावसाळ्यात सिंहगडाला आतकरवाडीच्या वाटेने जाणाऱ्यांनीही तळच बघावा. ओला बसाल्ट आणि त्यावरचं शेवाळ यांवर जाड, कडक रबरापेक्षा मऊ रबराच्या खोल खाचा चांगली पकड देतात. झिजून खाचा भरल्या की वर बूट नवा दिसला तरी तो गडासाठी बाद समजावा.

माप कधी आणि कसं घ्यावं? फोड का येतात?

पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून खरेदीला संध्याकाळी जावं. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचं माप धरावं. उभं राहून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट हातात धरून वाकवला तर तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडत असेल तर घेऊ नये.

एकच नंबर एका कंपनीचा होतो, दुसरीचा होत नाही. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण ८.५ मिलिमीटर; युरोपीय पद्धतीत साधारण ६.७ मिलिमीटर. हे दोन्ही आकडे लांबीचे आहेत. रुंदी त्यात येत नाही आणि आपली तक्रार बहुतेक वेळा रुंदीची असते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून ‘भा’ नावाची आठ मापांची भारतीय पद्धत सुचवली गेली. ती दुकानांत रुळेपर्यंत बोटं दाबली जात असतील तर मोठा नंबर घेऊन भागवू नये. त्याने टाच सुटते आणि घासते. रुंद साचाच मागावा.

टाचेवर किंवा बोटांत फोड येतो तोही जोड बिघडल्यामुळेच. कातडी बुटाला चिकटून एकीकडे ओढली जाते, आतलं हाड दुसरीकडे सरकतं आणि मधले थर फाटून त्यांत पाणी भरतं. दमट कातडीला घर्षण जास्त, म्हणून ओल्या मोज्यांत फोड लवकर येतो.

हे ज्ञान वारीइतकं दुसरीकडे क्वचितच दिसेल. ज्येष्ठात आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात येते. एक भवानी पेठेत मुक्कामी, दुसरी नाना पेठेत. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, ऐन पावसात. मुक्कामाच्या त्या दिवसांत पुण्यातले चर्मकार बांधव वारकऱ्यांच्या चपला मोफत शिवून, चिकटवून देतात. तिथे थोडा वेळ उभं राहून बघावं. समोर येणाऱ्या चपला बहुतेक जुन्या, पायांना सरावलेल्या असतात. लांबच्या वाटेला नवं पादत्राण घालून निघायचं नसतं. पाय कोरडे ठेवायचे, भिजलेले मोजे लगेच बदलायचे, घासतंय असं वाटताच तिथे चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर नाही, त्याच्या आधी.

मधुमेह असेल तर?

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर कुष्ठरुग्णांच्या पायांवरच्या जखमांचा अभ्यास केला. बोटं झडतात ती रोगाने मांस सडल्यामुळे नाही, तर वेदनेची जाणीव गेल्यामुळे जखमेवरच माणूस चालत राहतो म्हणून, हे त्यांनी दाखवलं. त्या कामातून मऊ, सच्छिद्र रबराच्या एमसीआर चपला आल्या. मधुमेहातही पायांची जाणीव अशीच कमी होते, म्हणून तोच उपाय लागू पडतो.

अशा व्यक्तीने घरातही अनवाणी फिरू नये, मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरसबंदीवर तर नाहीच. पादत्राण घालण्याआधी आत हात फिरवून बघावं. बारीक खडा, उचकटलेली शिवण पायाला कळत नाही, हाताला कळते. रोज रात्री तळवे आरशात पाहावेत. साधा लाल डाग दोन दिवस राहिला तरी डॉक्टरांना दाखवावा. पावसाळ्यात दाराबाहेरचे बूट उलटे करून झटकायची सवय तर घरातल्या प्रत्येकाने लावून घ्यावी. विंचू-किडे ओलीपासून आसरा शोधत त्यांतच शिरतात.

आधी काय करावं?

पैसे आणि सुट्ट्या मोजक्या असतात, म्हणून क्रम ठरवावा लागतो. घरात वयस्क माणूस असेल तर पहिला खर्च बाथरूमच्या फरशीवर, तिथल्या पकडायच्या दांडीवर आणि त्यांच्या चपलेच्या तळावर करावा. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की पुष्कळदा माणूस पुन्हा पूर्वीसारखा हिंडू-फिरू शकत नाही. दुसरा खर्च आरसीसीबीचा. तिसरा गच्चीच्या सांध्यांचा, कारण तिथून शिरलेलं पाणी सळया गंजवतं. रंगाचा नंबर या सगळ्यांनंतर. भिंतीवरचा डाग आणखी एक वर्ष थांबला तरी कुणाचं काही जात नाही. घसरडी फरशी आणि झिजलेला तळ मात्र आजच बदलावेत.